सगळ्यांचं झाल्यावर

त्या हॉटेलच्या तळमजल्यावर रोम होतं. निदान माहितीपत्रकात तसं म्हटलं होतं. जपानच्या डोंगरातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव ते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक लाकडी टाक्यांत बसून अंग शेकत आलेले. मग ऐंशीच्या दशकात पैसा उतू गेला आणि कुणाला तरी वाटलं, हे पुरेसं भारदस्त नाही. गावातलं एक मंडळ युरोपात गेलं, आगगाडीने तिथली स्नानांची गावं पाहत फिरलं, आणि परत येताना खांब, कमानी आणि तीन नग्न देवता एवढं डोक्यात घेऊन आलं. युरोपातली माणसं त्या गावांना सांधे दुखतात म्हणून जातात, हे त्यांनी तिथेच ठेवलं असावं. आम्ही गेलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, पैशाचा फुगा फुटला होता आणि प्लास्टरच्या एका देवतेचं नाक गेलं होतं.

माझा नवरा नागोयाला मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. कंपनीची वर्षातून एकदा सहल निघायची. त्या वर्षी घरच्यांनाही आणा असं ठरलं. सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि सहल गरम पाण्याला जाणार म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. आमच्या फ्लॅटचे दोन जिने त्या एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत.

“कोकणात उन्हवऱ्याच्या गरम कुंडात माझ्या मावशीचे गुडघे सुटले होते,” त्या म्हणाल्या. “मला काही तुमचा तो फुजी डोंगर नको. मला पाण्यात बसव.”

अडचण एकच होती. तिथे कपडे घालून पाण्यात उतरत नाहीत. सगळ्या बायका एका ठिकाणी आणि अंगावर काही नाही. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. दोन दिवसांनी भाजी निवडताना विचारलं, “सगळ्या बायकाच ना? नक्की?” आणखी काही दिवसांनी, “तू पाठ करून उभी राहशील?” मी म्हटलं, राहीन. ज्या बाईने चाळीस वर्षांत सख्ख्या बहिणीसमोर पदर ढळू दिला नव्हता, ती सुनेसमोर उघडी व्हायला तयार होत होती. गुडघे किती दुखत असतील याचा अंदाज मला तेव्हा आला.

गाडीत कंपनीने अर्धा डबा राखून ठेवला होता. नवऱ्याचे विभागप्रमुख खिडकीपाशी, मग त्यांच्या खालचे, मग त्यांच्याही खालचे, अशी हुद्द्यांप्रमाणे माणसं बसली. सकाळीच बिअर उघडली गेली. विभागप्रमुख मोठ्या अदबीने सासूबाईंकडे वळले आणि मला म्हणाले, आईंना सांगा, आमच्याकडे पाणी सगळ्यांना सारखं करतं. कपडे उतरले की साहेब कोण आणि शिपाई कोण, काही कळत नाही.

मी सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. “छान आहे. कपडे आहेत तोवर खिडकी त्यांची, असं ना?”

हे मी भाषांतरात गाळलं. तेव्हा मी अजून गाळत होते.

कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर पाटी होती : अंगावर चित्रं गोंदवलेल्यांना प्रवेश नाही. जपानमधल्या पाच वर्षांत अशा पाट्या मी अनेकदा वाचल्या होत्या. त्या गुंडांसाठी असतात. तिथले टोळीवाले पाठभर नाग आणि राक्षस कोरून घेतात. ती पाटी वाचून मला सासूबाई आठवल्या नाहीत. कशा आठवणार? त्यांच्या उजव्या हातावर कोपराखाली तुळशीवृंदावन होतं आणि हनुवटीवर एक हिरवा ठिपका. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या आईने जत्रेत हातपाय धरून गोंदवून घेतलेलं. आपल्याकडे त्याला कुणी चित्र म्हणत नाही. तो हाताचाच भाग असतो.

त्यांनी साडी सोडली, घडी करून टोपलीत ठेवली. मी पाठ करून उभी होते. मागून आवाज आला, “वळ आता. झालं ते झालं.” मी वळले. त्या हातभर टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या, एखादी मोठी परीक्षा दिल्यासारख्या.

तेवढ्यात तिथली कामाची बाई धावत आली आणि आमच्यासमोर दोन्ही हात एकमेकांवर ठेवून फुली केली. तिची नजर तुळशीवर होती.

मग मालकीण आली. किमोनो नेसलेली, पन्नाशीची, अतिशय सुरेख बोलणारी. ती वाकली. मी समजावलं, ती आणखी वाकली. हे धार्मिक आहे, लहानपणीचं आहे, आमच्याकडे आजीबायांना असतंच, असं मी एकेक सांगत गेले आणि ती एकेक इंच खाली जात राहिली. त्या देशात नकार देणारा इतका वाकतो की, शेवटी आपणच त्याच्यावर काही अन्याय करतोय असं वाटायला लागतं. दारापलीकडे त्या तीन देवता पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर गोंदण नव्हतं, हे मान्य करायला हवं.

मालकिणीने मार्ग काढला. सांधेदुखीच्या मोठ्या, कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणवल्या. हातावर तीन लावू, हनुवटीवर छोटीशी एक, मग कुणाला काही दिसणार नाही.

सासूबाईंनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “ही गुडघ्याला लावायची ना?”

“हो.”

“मग दुखतंय गुडघ्यात आणि पट्टी हाताला का? आणि तोंडाला?”

त्यांनी पट्टी परत दिली आणि साडी उचलली. उघड्या अंगाने, तीन बायकांसमोर, त्या निऱ्या घालत होत्या आणि निऱ्या नीट येत नव्हत्या. तेव्हाही मी पाठ करून उभी राहिले. मला त्या मालकिणीचं डोकं त्या पाण्यात बुडवावंसं वाटत होतं.

नवरा बाहेर व्हरांड्यात भेटला, हॉटेलचा सुती झगा घालून, लालबुंद होऊन. त्याची अंघोळ झाली होती.

“जाऊ दे ना,” तो म्हणाला. “त्यांचा नियम आहे. बाकीचे लोक घाबरतात.”

“कुणाला? आईंना?”

“तू उगाच वाढवू नकोस. सोमवारी मला ह्याच लोकांबरोबर काम करायचंय.”

“अरे,” सासूबाई म्हणाल्या, “मी गुंड आहे हे तुझ्या वडलांना पहिल्या दिवशी कळलं होतं. तुला आज कळलं?”

तो हसला. मी हसले नाही. माझं त्याच्याशी दोन महिने नीट बोलणं झालं नाही, ते त्या हसण्यामुळे.

संध्याकाळी मेजवानी होती. प्रत्येकापुढे आपापला चौरंग. सासूबाईंच्या चौरंगावर शाकाहारी म्हणून भात, लोणचं आणि माशाच्या आकारात कापलेलं गाजर. कंपनीतल्या मुली त्यांच्याभोवती जमल्या आणि एकीला तुळस दिसली. “किरेई!” सुंदर, सुंदर! हात फिरवून पाहिला, कॅमेरे निघाले. मालकीणही चहा ओतायला आली, आणि तीही म्हणाली, किती सुंदर, भारताची संस्कृती किती जुनी. दुपारी जो हात पाण्यात चालत नव्हता, तो एक जिना वर आल्यावर संस्कृती झाला होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती खरोखरच मनापासून बोलत होती. माझ्या रागाला तिने कुठे टेकायलाच जागा ठेवली नाही.

मग विभागप्रमुख उठले. त्यांनी पेला वाजवला आणि जाहीर केलं की झाल्या प्रकाराचं त्यांना दुःख आहे, आणि त्यांनी स्वतः शब्द टाकून खास व्यवस्था केली आहे. सगळ्या पाहुण्यांचं आटोपलं की स्नानगृह फक्त ओकासानसाठी, म्हणजे आईंसाठी, उघडं ठेवतील. सगळं रोमन स्नानगृह, एकट्या आईंना! टाळ्या झाल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. “बघ,” तो मला म्हणाला, “झालं ना?”

आईंनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. मी त्यांना व्यवस्था समजावली. त्यांनी पुन्हा विचारलं, “सगळ्यांचं झाल्यावर?”

“हो.”

त्या माझ्या हाताला धरून उठल्या. गुडघ्यातून आवाज आला, तो मला ऐकू आला.

“त्यांना सांग,” त्या म्हणाल्या, “तुमच्या मनात वाईट नाही, ते दिसतंय मला. पण आमच्या गावी विहिरीवर काही बायकांना असंच सांगायचे. सगळ्यांचं झाल्यावर या. त्या घागरी घेऊन लांब उन्हात बसायच्या. हात लावायचा नाही, कुणी वाढलं तर घ्यायचं. त्यांना कसं वाटत असेल, ते मला आज कपडे उतरवून उभं राहिल्यावर कळलं. मला नको ती अंघोळ. जेवण चांगलं होतं.”

“नीट सांग,” नवरा खालच्या आवाजात म्हणाला. त्याचा अर्थ, सांगू नकोस.

मी नीट सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. विहीर, घागरी, ऊन, सगळं. जेवण चांगलं होतं, हेही.

विभागप्रमुखांनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, “फार खोल आहे,” आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून त्यांच्या खालच्यांनी वाजवल्या, आणि त्यांच्याही खालच्यांनी. मग गाण्याचं यंत्र आत आणलं गेलं.

परतीच्या गाडीत मी धुमसत होते. माझा राग फार सोयीचा होता : एका बाजूला जपान, त्याची वाकणारी माणसं आणि त्यांत जाऊन बसलेला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मी विचारलं, “आई, तेव्हा विहिरीवर तुम्ही कुणाला काही बोलला होतात?”

“मी?” त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “नाही गं. मला बोलायला काय झालं होतं? माझी कळशी भरलेली असायची.”

मग त्या पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागल्या. मला अर्धं दिलं. मी खाल्लं. राग तर जागचा हलत नव्हता, फक्त आता त्याच्यात आम्हीही होतो.

नागोयाला उतरलो. घरी पोचलो तेव्हा ते दोन जिने होतेच. नवऱ्याने हात पुढे केला. सासूबाईंनी त्याच्या हातात पिशवी दिली आणि कठड्याला धरून चढायला लागल्या, एका पायरीवर दोन्ही पाय.