पेशंट काय विचारून मरते?

शाहीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी चांदूर रेल्वेच्या माझ्या दवाखान्यात पेशंट तपासत होते. अचलपूरहून तिचे धाकटे भाऊ रफीकभाई बोलत होते. "बाजी गई," एवढंच म्हणाले... आणि थोडं थांबून, "घर पे नहीं, डॉक्टरसाहेबा. अस्पताल में." हे दुसरं वाक्य त्यांनी का जोडलं, ते मला नीट कळलं. रुग्णालयात कोणी नुसत्या दुर्लक्षाने मरू नये म्हणून जिने उभी नोकरी भांडणात घालवली, ती निवृत्तीनंतर अमरावतीच्या एका चकचकीत खासगी रुग्णालयात, पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशननंतर, दुर्लक्षानेच गेली. सकाळपासून श्वास वाढत होता, नाडी पळत होती. नर्सने डॉक्टरांना परत परत कळवलं. डॉक्टर ओपीडी संपवून येणार होते. शाहीनने स्वतः सांगितलं की मला इन्फेक्शन चढतंय, तर डॉक्टर फोनवरून म्हणे, "मॅडम, आता तुम्ही डॉक्टर नाही, पेशंट आहात." त्या रुग्णालयाच्या दारात कारंजं आहे. ते मात्र अखंड चालू असतं.

आम्ही दोघी मेडिकलच्या होस्टेलवर एका खोलीत राहिलो. ती अचलपूरच्या कापड-व्यापाऱ्याची मुलगी, उंच, आवाज दणदणीत. घरी उर्दू, बाहेर अस्सल वऱ्हाडी. भूलशास्त्राच्या तोंडी परीक्षेत पुण्याचे परीक्षक तिच्या 'पेशंटले' या शब्दावर हसले, तेव्हा ती म्हणाली, "सर, 'ले' म्हटल्यानं श्वासाची नळी चुकीच्या जागी जात नाही." पास झाली. गोड बाई मात्र नव्हती. हाताखालच्या डॉक्टरांना चारचौघांत रडवायची, आणि एकदा माझ्याशी वर्षभर बोलली नव्हती, कारण काय ते दोघींनाही पुढे आठवेना.

कापसाच्या पट्ट्यातून रोज माणसं फवारणीच्या विषबाधेने येऊन पडत होती, त्या वर्षांत ती अकोल्याच्या एका मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती. पुढारी येत, खाटेशेजारी उभे राहून फोटो काढून घेत, जात. अशाच एका भेटीच्या दिवशी मंगला गेली. नवऱ्यामागे एकटीने शेत करणारी बाई. फवारणीचा पंप पाठीवर गळून औषध अंगात भिनलं होतं. उपचारांनी ती सावरली, बोलायला-जेवायला लागली. मग एका सकाळी तिला उशीवरून मान उचलता येईना, आवाज नाकातून यायला लागला. नलिनी सिस्टरने ते पाहिलं. अशा विषात श्वासाचे स्नायू मागाहून दगा देतात, हे तिला ठाऊक होतं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरलाही. पण तो म्हणाला, "साहेबांच्या राउंडला बघू." साहेब, म्हणजे अधीक्षक, तेव्हा हार घेऊन फाटकात उभे होते. राउंड झालाच नाही. शाहीनला कोणीतरी ऑपरेशन थिएटरमधून ओढत आणलं तेव्हा नळी घालण्यात काही अर्थ उरला नव्हता.

चौकशीच्या बैठकीत अधीक्षक म्हणाले, "शेवटी सगळं देवाच्या हाती असतं."

"देवाले कावून मधात आणता, सर?" शाहीन म्हणाली. "तो तं पाहुण्यायच्या स्वागताले गेला नव्हता ना?"

त्यानंतर तिने पथक उभं केलं. भूलविभागाचा एक डॉक्टर, मेडिसिनचा एक, एक सिस्टर. कोणत्याही वॉर्डातल्या नर्सला पेशंटचं लक्षण बरं दिसेना की तिने थेट फोन करायचा आणि पथकाने हातातलं सोडून पळत यायचं. कोणाला विचारायचं नाही. "पेशंट काय विचारून मरते?" हे तिचं उत्तर. फोन फुकट गेला तरी नर्सवर ती कधी चिडली नाही; सगळी चीड तिने वरच्यांसाठी राखून ठेवली होती. माणसं वाचायला लागली. ज्यांचे राउंड चहापाण्यानंतर सुरू होत, त्यांना ते खुपायला लागलं.

एकदा ज्येष्ठ सर्जनच्या पेशंटसाठी नर्सने फोन केला. ऑपरेशननंतर पोटात आतल्या आत रक्त साचत होतं. पथकाने धावून पेशंट पुन्हा टेबलावर नेला, तो वाचला. सर्जनसाहेबांना दुःख झालं ते वेगळंच. "माझ्या पेशंटला हात लावायला यांना कोणी सांगितलं?" आठवड्याच्या आत अधीक्षकांचा आदेश निघाला की विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय पथक बोलावू नये. श्वास अडकलेल्याने आता साहेबांच्या सहीपर्यंत दम धरायचा होता! शाहीनची तिथून बदली झाली आणि पथक कागदावर मेलं.

परवा अकोल्याच्या त्याच रुग्णालयात तिची शोकसभा झाली. मी गेले होते. अध्यक्ष कोण, तर तेच अधीक्षक, आता निवृत्त, अंगावर शाल. "शाहीन मॅडमचं पथक ही आपल्या संस्थेची शान होती," असं ते म्हणाले. ज्या हाताने आदेश काढला त्याच हाताने डोळे पुसले. त्यांच्या शेजारी ते सर्जनही मान हलवत बसले होते. माझ्या बाजूला बसलेले रफीकभाई रुमालाची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते...

मग स्तब्धतेसाठी सगळे उभे राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेत मोबाइल वाजला. नलिनी सिस्टरने भर शांततेत तो घेतला, "आलीच" म्हणाली आणि चपला वाजवत धावत सुटली. मागोमाग दोन तरुण डॉक्टर खुर्च्या ढकलत पळाले. अध्यक्षांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि नाराजीने मिटला.

भाषणं पुन्हा सुरू झाली तशी मी खाली गेले. सकाळीच बाळंत झालेली एक मुलगी रक्तस्रावाने पांढरी पडली होती. एक डॉक्टर तिचं पोट दाबून धरत होता, दुसरा रक्ताची पिशवी लावत होता. लेखी परवानगी कोणाची होती, हे मी विचारलं नाही. पथक बंद झाल्यापासून इथल्या सिस्टर एकमेकींना असाच फोन करतात आणि येणारे येतात, हे मला रफीकभाईंसमोर एका आयाने नंतर सांगितलं. मुलीच्या ओठांवर हळूहळू रंग आला, तेव्हा नलिनीचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"सभा झाली काय, मॅडम?"

"नाही. भाषणं चालू आहेत."

"चालू द्या," ती म्हणाली, आणि पुन्हा मुलीची नाडी पाहू लागली.