दांड्यावरचा हात

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर माझ्या वडिलांची जीभ वळायला लागली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारलं, "गाडी कधी चालवू?" आई पलंगाशी उभी होती. ती म्हणाली, "मला ओळखलंत का ते तरी आधी सांगा." बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा डॉक्टरांकडे वळले.

डावा हात हळूहळू कामाला लागला. बाबा त्याच हातानं चहाचा कप उचलून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. डावा पाय मात्र हट्टाला पेटला होता. काठी घेऊन चालता यायचं, पण क्लच दाबण्याइतका जोर त्यात परत आला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "नजर चांगली आहे, उजवा पाय चांगला आहे, हात चांगले आहेत. बिनक्लचची गाडी असेल तर चालवा. क्लचची विसरा."

आणि आमची गाडी होती पद्मिनी. माझ्या जन्माच्या आसपास बाबांनी ती जुनीच विकत घेतली होती. पांढरी, गोल दिव्यांची, पुढे बाकासारखी सलग सीट. गिअरचा दांडा खाली जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. पुढच्या सीटवर तिघं आरामात बसायचे, आणि मधे बसेल त्याच्या उजव्या हाताशी तो दांडा यायचा. लहानपणी ती जागा माझी. बाबा क्लच दाबायचे, "टाक" म्हणायचे, आणि मी दांडा ढकलायचे. माझ्या हातावर त्यांचा डावा पंजा असायचाच, त्यामुळे गिअर खरं तर तेच टाकायचे. पण मी शाळेत सगळ्यांना सांगत असे की गाडी आम्ही दोघं मिळून चालवतो.

आमचं मूळ घर चामटोलीचं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही बदलापुरात, बेलवलीला राहायला आलो. पण गावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पद्मिनीला बोलावणं असायचंच. पाठवणीला नवरी याच गाडीतून सासरी जायची. एकदा एक नवरी इतकी रडत होती की गाडीत बसायलाच तयार नव्हती. बाबांनी तिला पुढे, मधल्या जागेवर बसवलं, नवऱ्याला खिडकीशी ढकललं आणि तिला म्हणाले, "तुला कुणी नेत नाय. तूच गाडी काढ. टाक गिअर." तिनं नाक पुसलं आणि गिअर टाकला. त्यानंतर गावात तो रिवाजच पडून गेला. पाठवणीचा पहिला गिअर नवरीनं टाकायचा. माझ्या लग्नात मीही टाकला. माझं सासर बेलवलीतच, दोन गल्ल्या सोडून, तरी बाबांनी मला चांगलं लांबून फिरवून नेलं होतं.

आता गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी राहिली. बाबा रोज काठी टेकत खाली यायचे, कव्हर वर करून सीटवर बसायचे, काच पुसायचे आणि परत यायचे. माझ्या भावानं पुण्याहून फोन करून बिनक्लचची नवी गाडी घ्यायचा सल्ला दिला. मावसभावाच्या तशा गाडीत बाबांना बसवूनही पाहिलं. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगली हाय. माझी नाय." आणि उतरले.

गाडी भंगारात द्या, असं मला बाबांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं ऐकवलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी मुळात तापट. रागाच्या भरात घेतलेले माझे बहुतेक निर्णय बरोबर निघतात, असं माझं मत आहे. घरात दुसऱ्या कुणाचं तसं मत नाही. मी त्यांना म्हटलं, "भंगारात नाही, हीच गाडी बिनक्लचची करून तुमच्या नाकासमोरून चालवतील बाबा." बोलून गेले आणि मग विचारत सुटले की असं काही करता येतं का.

येतं, असं सांगणारा पहिला माणूस उल्हासनगरात भेटला. विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या बाजूला त्यांचं गॅरेज. जुन्या गाड्यांत नवी इंजिनं बसवण्यात नाव कमावलेले सिंधी काका, आणि ते नाव स्वतःच दर पाच मिनिटांनी घेणारे. "साईं, माझ्यासारखा दुसरा बंदा पूर्ण ठाणे जिल्ह्यात भेटला तर त्याला माझी गादी देतो," हे त्यांचं पहिलंच वाक्य. मला असली माणसं आवडत नाहीत. बाबांना ते बघताक्षणी आवडले.

अडचण त्यांनी नीट समजावून सांगितली. हल्लीच्या छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. पद्मिनीचं इंजिन उभं, आणि ते मागची चाकं ढकलतं. त्यामुळे नव्या गाडीचं इंजिन उचलून हिच्यात ठेवलं, असं होत नाही. मग त्यांनी कुठून तरी मागून चेपलेल्या एका परदेशी व्हॅनचं पेट्रोल इंजिन शोधून काढलं. ते उभ्या बसणीचं होतं आणि त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही शाबूत होता. आरटीओची परवानगी काढायला मी कल्याणला इतक्या खेपा घातल्या की तिथला चहावाला मला साखर कमी हे न सांगता समजायला लागला.

बाबांच्या अटी दोन. सीट बाकासारखीच राहिली पाहिजे आणि दांडा स्टिअरिंगलाच राहिला पाहिजे. काका म्हणाले, "बाबूजी, ऑटोमॅटिकचा लिव्हर खाली टाकतो ना, मक्खन चालेल." बाबा म्हणाले, "खाली टाकाल तर मधे बसणारा पाय कुठं ठेवील?" मला ती अट म्हणजे म्हातारपणाचा हट्ट वाटला. पण आजारी माणसाच्या हट्टावर चिडायचं नाही असं आईनं मला बजावलं होतं, म्हणून मी काकांवर चिडले, की एवढं नाव आहे तर बसवा की दांडा.

जुनं इंजिन साखळीला टांगून बाहेर काढलं त्या दिवशी बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. बॉनेटखाली मोकळा खड्डा दिसायला लागला तेव्हा त्यांनी मान वळवली. मला वाटलं डोळ्यात पाणी आलं. विचारलं तर म्हणाले, "केवढी घाण साचली होती, बघ." पुढचे कित्येक रविवार आम्ही तिथंच काढले. नवा गिअरबॉक्स मोठा, म्हणून जमिनीचा पत्रा कापून मधला उंचवटा थोडा वाढवला. इंजिन टेकायला नवे ब्रॅकेट वेल्डिंग करून लावले. मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट आखूड करायला अंबरनाथच्या एका लेथवाल्याकडे दिला, आणि तो मी माझ्या स्कूटरवर पायाशी आडवा धरून परत आणला. वाटेत दोन पोलिसांनी थांबवलं. ब्रेकही नवे घातले. आणि शेवटी काकांनी पट्ट्या नि सांधे जोडत जुना दांडा नव्या गिअरबॉक्सला आणून भिडवला. आता त्याला चारच जागा. सगळ्यात वर पार्किंग, मग रिव्हर्स, मग न्यूट्रल, खाली ड्राइव्ह. ड्राइव्हमध्ये ओढला की विसरून जायचं, पुढचे गिअर गाडी आपले आपण बदलणार.

विसरून जायचं, हेच बाबांना जमलं नाही.

पहिली चाचणी चामटोलीच्या वाटेवरच्या एका मोकळ्या मैदानात घेतली. बाबा स्टिअरिंगवर, मी खिडकीशी, काका मागे. बाबांनी दांडा ड्राइव्हमध्ये ओढला, ब्रेक सोडला आणि गाडी निघाली. इतकी मऊ निघाली की बाबांच्या तोंडून "अगं बाय" असं निघालं. मी ओरडलेच आनंदानं. इंजिनाचा आवाज चढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं बाबांचा डावा हात आपणहून उठला. जुन्या गाडीत एवढा आवाज झाला की दुसरा गिअर टाकायची वेळ झालेली असायची. हातानं दांडा जवळ घेतला आणि वर ढकलला, थेट रिव्हर्समध्ये. खालून कर्कश आवाज आला, गाडीला जोरात हिसका बसला आणि ती बंद पडली. वेग कमी होता म्हणून कुणाला काही झालं नाही.

बाबा उतरले. काठी मागायचंही त्यांना सुचलं नाही, दाराला धरून उभे राहिले. काका कान पकडून म्हणाले, "गलती माझी आहे बाबूजी. रिव्हर्सला लॉक टाकायला पाहिजे होता. मी नाही टाकला." मी त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बाबांनी आमच्या दोघांकडे लक्षच दिलं नाही. आपल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "हा हात बरा झाला म्हणून नाचत होतो. ह्यानंच घात केला. माझी मुलगी बसली होती गाडीत. इकून टाक गाडी." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

काकांनी गिअरबॉक्स खोलून तपासला, तो वाचला होता. दांड्याच्या टोकाला त्यांनी बटण बसवलं, ते दाबल्याशिवाय रिव्हर्स पडणं शक्यच नाही. मी स्वतः तासभर ढकलून पाहिलं. गाडी बेलवलीला आली, पण बाबा खाली उतरेनात. काच पुसायलासुद्धा नाही. लॉकचं सांगितलं तर म्हणायचे, "लॉक गाडीला टाकलाय. हाताला कोण टाकणार?" आणि त्यांचं चूक नव्हतं. हात स्टिअरिंग सोडून दांड्याकडे जाणार, दांडा अडकणार, नजर रस्त्यावरून खाली येणार. मला त्या दिवसांत फार हरल्यासारखं वाटत होतं. एवढं सगळं करून मी त्यांच्याकडून होती ती गाडीही काढून घेतली होती.

मी स्वतः गाडी चालवून कामावर जायला लागले. एकदा आई पुढे बसली होती, तिच्या सवयीनं खिडकीशी नाही, मधे. सिग्नलला बघते तर तिचा उजवा हात दांड्यावर. म्हटलं, "आता टाकायचं काही नाही गं त्याला." ती म्हणाली, "माहितीय. पण ठेवल्याशिवाय बसल्यासारखं वाटत नाही."

मी गाडी तशीच वळवून घरी आणली. वर जाऊन बाबांना म्हटलं, "उठा. मी मधे बसणार आहे. दांड्यावर माझा हात असेल. तुमचा आला तर माझ्या हातावर येईल, त्याला सांगेन परत जा म्हणून." ते नाही म्हणाले. मी आवाज चढवला. आईनं शर्ट आणून त्यांच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "ती गप्प बसणार नाही. शेजारी ऐकतायत. जा."

पुन्हा तेच मैदान. मी दांडा ड्राइव्हमध्ये ओढला आणि मूठ त्यावर तशीच ठेवली. गाडी निघाली, आवाज चढला, आणि बाबांचा पंजा माझ्या हातावर येऊन पडला. तसाच खरखरीत आणि जड, लहानपणी होता तसा. "आला," मी म्हटलं. पंजा उचलला गेला आणि स्टिअरिंगवर परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मी पुन्हा म्हटलं, "आला." बाबा हसले. झटक्यानंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

दर रविवारी सकाळी आम्ही जात राहिलो. आधी मैदान, मग गावाचा रिकामा रस्ता. पंजा यायचा, जायचा. मग नुसताच उठायचा आणि अर्ध्यातून परत फिरायचा. आई मागे बसून मोजणार होती, पण तिला झोप लागायची.

असंच एका रविवारी चामटोलीत शिरलो तर माझी एक चुलत आत्या रस्त्यातच आडवी आली. बाबांनी अगदी हळुवार ब्रेक दाबला. ती गाडीवर हात आपटून म्हणाली, "दादा, चालवतोस व्हय? मंग आमच्या पोरीच्या लग्नाला येशील ना रं गाडी घेऊन? ती म्हणतीया पद्मिनी नसंल तर मी जायची नाय." बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही की काही विचारलं नाही. सरळ म्हणाले, "येतो की."

गाडी पुढे निघाली. आवाज चढला आणि उतरला. मी दांड्यावर हात ठेवून वाट बघत होते. पंजा आला नाही. वळण गेलं, चढ गेला, तरी नाही. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.

"काढ हात आता," बाबा म्हणाले. "तिथं नवरी हात ठेवील."

मी हात काढून मांडीवर घेतला आणि मला रडूच फुटलं. माझ्या पाठवणीला आलं नव्हतं तेवढं. आई मागून जागी होऊन म्हणाली, "काय झालं, पुन्हा रिव्हर्स पडला का?" बाबा म्हणाले, "नाय. ही सासरी निघालीय." आणि त्यांनी मला तेव्हासारखंच चांगलं लांबून फिरवून घरी आणलं.