कासारखिंडीचे एकसष्ट वाचक

माण तालुक्यातल्या कासारखिंडीत पाऊस नाही, बोअरला पाणी नाही, आणि धडधाकट गडी बघायचा तर मुंबई गाठावी लागते. तरीही गावच्या वाचनालयात रोज एकसष्ट माणसं वाचत बसतात, असं तिथली वाचक नोंदवही सांगायची. त्या एकसष्टांतले निम्मे मुंबईला माथाडी कामावर होते आणि दोघे-तिघे तर केव्हाच वर पोचले होते. सह्या मात्र रोजच्या रोज, न चुकता. त्या करायचे ग्रंथपाल नाथाजी तात्या. चार रंगांची पेनं होती, आणि संशय नको म्हणून काही सह्या डाव्या हातानं.

तात्यांना कुणी लबाड म्हणू नये. वाचक दाखवले नाहीत तर सरकारी मान्यता जाते, आणि मान्यता गेली की पेपर बंद, नवी पुस्तकं बंद. वर्षातून एकदा जिल्ह्याहून तपासणीचे साहेब यायचे. त्या दिवशी पारावरची माणसं हाताला धरून आणायची, बाकांवर बसवायची, एखाद्याच्या हातातला उलटा पेपर सुलटा करायचा. साहेब चहा घेऊन जायचे आणि वाचनालय आणखी एक वर्ष जगायचं.

संयोगिता याच वाचनालयात लहानाची मोठी झाली. सातवीत असताना तिनं पहिलं कपाट वाचून संपवलं तेव्हा मूलबाळ नसलेल्या तात्यांनी ठरवूनच टाकलं. म्हणाले, "पोरी, माज्यामागं ही खुर्ची तुजी. पर आता नुसती आवड चालत न्हाई, कागुद लागतोय. तू शीक."

ती शिकली. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि मग त्याच विषयात एम.लिब.ला नाव घातलं. एकाआड एक रविवारी पहाटेची एसटी धरून मायणी, विटा करत सांगलीच्या अभ्यासकेंद्रावर जायचं आणि अंधार पडता पडता परतायचं. आई, लीलाबाई, चुलीपुढून म्हणायची, "पुस्तकं रचाया कालेज लागतंय व्हय गं? मी जल्मभर भाकरी रचती, मला द्या की डिग्री!" मुलगी हसायची. पण चार ठिकाणची स्थळं परत गेली, वय एकोणतीस झालं, आणि मग आईची थट्टा आपोआप थांबली.

सांगलीत शिकलेलं ती गावात आणून लावायची. खळ शिजवून तिनं दोन हजार आठशे पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, दशांश पद्धतीचे आकडे घातले, पुस्तक न् पुस्तक आपल्या जागी नेऊन ठेवलं. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते पुस्तक हाताला लागेल अशी ती कपाटं झाली. कॉलेजांत ग्रंथपालाच्या जागा निघत नव्हत्या, निघाल्या तरी त्या आधीच कुणाच्या तरी भाच्याच्या असायच्या. त्यामुळे तिची सगळी भिस्त तात्यांच्या त्या एका डुगडुगत्या खुर्चीवर होती.

शेवटच्या वर्षी लघुप्रबंध आला. संयोगितानं विषय घेतला आपलंच वाचनालय. नोंदवहीतले आकडे उतरवून तिनं पहिला खर्डा केंद्रावरच्या मार्गदर्शक श्रद्धा मॅडमना दिला. मॅडमनी तो चाळला आणि परत तिच्या हातात ठेवला.

"ही नक्कल झाली, अभ्यास नाही. नोंदवही बाजूला ठेव. तीन महिने दाराशी बसून माणसं मोज."

तिनं मोजली. सरासरी आली चार.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. एकसष्ट लिहावेत तर मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही, चार लिहावेत तर तात्या खोटे पडतात. मग तिनं मनाची समजूत घातली. असले प्रबंध वाचतं कोण? एकदा कपाटात गेले की वाळवीशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही, हे ग्रंथालयशास्त्रवाल्यांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तिनं चार लिहिले. तक्त्यासकट, तारखेवार.

प्रबंध बांधून आला. मरून रंगाचं कव्हर, वर सोनेरी अक्षरांत गावाचं नाव. तात्या हट्टाला पेटले, "तुजं बुक आपल्या वाचनालयात पायजेच!" त्यांनी स्वतः दाखल पुस्तकांच्या वहीत नोंद केली. पाठीवर ०२७.४ ची, म्हणजे सार्वजनिक वाचनालयांच्या आकड्याची, चिठ्ठी मात्र संयोगितानं लावली. तात्यांनी प्रबंधाचं एकच पान वाचलं, ऋणनिर्देशाचं. तिथं 'गुरुवर्य नाथाजी तात्या' असं छापलेलं होतं. ते पान उघडून ते अख्ख्या गावाला दाखवत फिरले, डोळे पुसत फिरले. आत काय आहे ते सांगायला ती दोनदा त्यांच्यामागे गेली, आणि दोन्ही वेळा त्यांचा आनंद बघून न सांगताच परत आली. तिथंच ती चुकली.

तपासणीचा दिवस उजाडला. पारावरचे लोक बाकांवर येऊन बसले. नवे साहेब तरुण होते. नोंदवही बघून त्यांनी मान डोलावली, कपाटं बघून तर खूषच झाले. "व्वा, इतकी चोख मांडणी मी तालुक्यात पाहिली नाही. कुणी केली?"

तात्यांची छाती फुगली. "आमच्या पोरीनं, सायेब! इद्यापीठात शिकली. आवं, बुक लिवलंय तिनं आपल्या वाचनालयावर. ह्ये बघा तरी!" आणि त्यांनी सरळ ०२७.४ वर हात टाकला.

संयोगिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं. ट्रे खाली ठेवेपर्यंत उशीर झाला होता. साहेबांनी अनुक्रमणिका पाहिली, नेमकं पान काढलं. तीन वर्षं ती वाचकाला हवं ते चटकन सापडावं, हेच तर शिकत आली होती.

साहेब बराच वेळ वाचत राहिले. मग एक बोट त्या पानावर आणि दुसरं नोंदवहीवर ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तात्या, यातलं खरं कुठलं?"

तात्यांनी वाकून तक्ता बघितला. पुन्हा बघितला. बाकांवरचे लोक एकेक करून उठू लागले. 'माझाच आकडा चुकलाय' असं एक वाक्य संयोगिता बोलली असती तर वाचनालय वाचलं असतं, पण तिच्या पदवीत मग काय राहिलं असतं? तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तात्याच बोलले.

"पोरगी खोटं लिवत न्हाई, सायेब."

दोन महिन्यांनी मान्यता रद्द झाल्याचं पत्र आलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं पारावर उघड बोललं गेलं. संयोगिताला ते झोंबलं, कारण तिलाही तसंच वाटत होतं. त्याच आठवड्यात तिचा निकाल लागला. पहिला वर्ग. घरात कुणी पेढे आणले नाहीत, तिनंही विषय काढला नाही.

वाचनालयाची खोली ग्रामपंचायतीनं व्यायामशाळेला दिली. पुस्तकं पोत्यांत भरून शाळेच्या अडगळीत टाकायची ठरली. भरायला दोघंच होती. संयोगिता प्रत्येक पोत्यावर आतले आकडे लिहीत होती. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तात्यांनी एकदाही तिला बोल लावला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. चार शिव्या दिल्या असत्या तर ती मोकळी रडली असती.

दुपारी तात्या पोत्यावर टेकले आणि मरून प्रबंध उघडून बसले. पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचत होते, ओळीवर बोट फिरवत. ऊन दारातून पार भिंतीपर्यंत सरकलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"ह्ये चार जण कोण गं?"

"हंबीरराव मिल्ट्रीवाले आणि पोस्टमन. पेपर वाचायला यायचे ते."

"आन् बाकीचे दोन?"

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"एक मी, तात्या. आणि एक तुम्ही."

 तात्यांनी प्रबंध मिटला, पोत्यात सगळ्यात वर ठेवला आणि सुतळी ओढून पोत्याचं तोंड बांधलं.

"म्हंजी तुजीबी नोंदवही फुगल्यालीच हाय की," ते म्हणाले. "चल, उचल त्या बाजूनं. मला एकट्याला पेलायचं न्हाई."