बोटीवरचे सर

रिक्षात पुढची जागा रिकामी असली तरी ते पाठीमागे तोंड करून बसायच्या फळीवरच बसत. कुणी आदराने सरकलेच, तर तर्जनी उभारून म्हणत, "राहू द्या. रोअर, म्हंजे वल्हं मारणारा, पाठमोराच जातो. म्होरं तोंड करून जातो तो सेलर."

लातूरसारख्या गावात, जिथे नळाला पाणी आठवड्याने येते, तिथे खलाशांचे इंग्रजी शब्द हिरिरीने शिकवणारा हा गृहस्थ मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. स्पर्धा परीक्षांच्या एकाच वर्गात ते इंग्रजी शिकवीत आणि मी मराठी व्याकरण. सेलर शिडाचा, ओर्समन वल्ह्याचा, फेरीमन दोन काठांचा. एकाच्या जागी दुसरा लिहिला की गुण गेला. एका मुलीने नावाड्याला 'सेलर' लिहिले आणि गुणासाठी हुज्जत घातली. ते शांतपणे म्हणाले, "बाई, वारा पडला की फरक कळतो."

हे ज्ञान आले कुठून? विचारले की एकच उत्तर मिळे. "तरुणपणी मी बोटीवर होतो."

'बोटीवर असणे' म्हणजे काय, हे आपल्या बोलीत कुणाला सांगावे लागत नाही. मोठे जहाज, परदेशी बंदरे, डॉलरमधला पगार. गावाने त्यांना 'कॅप्टन सर' करून टाकले. वर्गाच्या मालकाने तर दारावरच्या फ्लेक्सवर त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली. मी मात्र नजर ठेवून होतो. ते त्या फ्लेक्सखालून कधी आत येत नसत. मागच्या जिन्याने येत. कोणते बंदर पाहिले, असे विचारले तर विषय बदलत. समुद्र कसा असतो, या प्रश्नाला उत्तर आले, "पाणी पाण्यावानीच असतंय, सर."

पुढे गुणगौरवाचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणा व्यापारी जहाजावरचा खराखुरा अधिकारी होता, लातूरचाच जावई. त्याने माइकवरूनच विचारले, "कॅप्टन सर, आपली शिप कोणती?"

इथून पुढे गावात दोन कहाण्या आहेत. एकीत सर पांढरे पडून व्यासपीठावरून पळतात. दुसरीत ते कुठल्याशा जहाजाचे नाव ठोकून देतात आणि पकडले जातात. दोन्ही खोट्या. या कहाण्या सांगणारे त्या वेळी जेवणाच्या रांगेत उभे होते. मी सरांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

ते उठले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "शिप न्हाई, बोट. गोदावरीवरची. नांदेडच्या खालच्या अंगाला आमच्या गावची नाव होती. वडलांमागं वल्हं मीच मारलं. पूल झाला, नाव संपली. मी रोअर हाय, सेलर न्हाई."

सभा हसली. एवढा मोठा कॅप्टन आणि किती हा विनय, म्हणून टाळ्याही पडल्या. सर्वांत मोठ्याने मालक हसला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मालकाला सांगितले की फ्लेक्सवरची टोपी काढा. मालक म्हणाला, "सर, टोपी बघूनच पोरं येऊन राहिलेत. वल्हं बघून कोण ॲडमिशन घेतंय?" सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. त्यांना काढून टाकले, असे जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नोकरी त्यांनी सोडली.

बॅग घेऊन ते चौकात रिक्षाची वाट पाहत उभे होते, तेव्हा मी गेलो. निरोपाच्या भरात संशय सोडून देणारा माणूस मी नव्हे. मी सरळ विचारले की आपण इंग्रजीचे शिक्षक, शब्दाशब्दाचा कीस काढणारे. 'बोटीवर होतो' म्हटल्यावर लोक काय समजतात, हे आपणांस ठाऊक नव्हते?

ते म्हणाले, "मी बोटच म्हणलो, सर. जहाजावर चढलात ते तुम्ही."

"आणि आपण आम्हाला उतरवले नाही."

त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "खाली उतरवायला जीव होईना. लई खूश दिसून राहिले होते तुम्ही वर."

हे उत्तर होते की बगल दिली, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

रिक्षा आली. पुढे जागा होती. तरी ते मागच्या फळीवर बसले आणि बॅग मांडीवर घेतली.

आता लोक म्हणतात, माणूस मागे वळूनही न पाहता गेला. वळायचे कशाला? बसस्थानकाचे वळण येईपर्यंत त्यांचे तोंड आमच्याकडेच होते.