हवालदार होडेकरांनी मागून घेतलेली हार

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर माझं पोस्टिंग एका इन्फन्ट्री पलटणीच्या एम.आय. रूममध्ये झालं. एम.आय. रूम म्हणजे पलटणीचा दवाखाना. मी नाईक होतो, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. सकाळी सहाला पी.टी., साडेसातला सिक रिपोर्ट, मग मलमपट्टी आणि रजिस्टर. पलटण तेव्हा घाटावरच्या एका छावणीत होती.

पहिल्याच आठवड्यात एक उंच हवालदार अंगठ्याला पट्टी बांधायला आला. माझं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "रत्नागिरीचा का रे?"

"होय. पालीजवळचा."

"मी आरे-वारेकडचा. हसन होडेकर."

नाव मला माहीत होतं. पलटणीत ते सगळ्यांनाच माहीत होतं. होडेकर लाइट हेवी वेटचे चॅम्पियन होते आणि चार सीझन त्यांना कुणी हरवलं नव्हतं. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर. हे एकटेच फौजेत आले आणि इथं ग्लोव्हज हातात घातले. त्या दिवसापासून एकांतात मी त्यांना हसनभाई म्हणायला लागलो. परेडवर अर्थातच नाही.

पुढच्या वर्षी सालाना मेडिकलच्या आदल्या दिवशी ते दुपारी अडीच वाजता आले. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. दार लोटून घेऊन म्हणाले, "शिवगण, डोळ्यांचा तक्ता जरा बघू दे."

"उद्या बघायचाच आहे की."

"म्हणून तर आज बघतो."

मी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं वाचायला सांगितलं. वरच्या दोन ओळी वाचल्या, पुढं काही नाही. डाव्या बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसतं, असं ते म्हणाले. मागच्या सीझनमध्ये एक जोराचा ठोसा बसला होता, तेव्हापासून. कुणाला बोलले नव्हते. बोलले असते तर मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती. बॉक्सिंग बंद, रायफल कंपनीही बंद.

"एक सीझन," ते म्हणाले. "मग मी स्वतः थांबतो."

मी तक्ता भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अर्ध्या तासात पाठ केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांसमोर सगळ्या ओळी घडाघड म्हटल्या. रजिस्टरमध्ये "फिट" मी लिहिलं.

तो सीझनही त्यांनी जिंकला. फायनलला मी कोपऱ्यात त्यांचा सेकंड होतो, म्हणजे राऊंडच्या मध्ये पाणी देणारा, जखमा पुसणारा माणूस. हसनभाई डावा खांदा वर उचलून, हनुवटी त्यात खुपसून लढले. लोकांना वाटलं नवी स्टाइल आहे. जिंकल्यावर मी म्हटलं, "आता थांबा." ते म्हणाले, "बघू."

पलटणीत त्याच वजनाचा दुसरा बॉक्सर तयार होत होता. लान्स नाईक शंकर जगताप, खटावकडचा, वय तेवीस. घरची कुस्ती, म्हणून होडेकरांना तो वस्ताद म्हणायचा. उजव्या हाताचा ठोसा असा, की सरावात त्याच्यासमोर उभं राहायला जवान टाळाटाळ करायचे. त्याला शिकवायचे होडेकरच. पण सरावात त्याच्याशी स्वतः कधी खेळायचे नाहीत. कारण फक्त मला ठाऊक होतं.

थंडी संपता संपता भरतीची पार्टी रत्नागिरीला निघाली. सी.ओ. साहेबांचा हुकूम आला की तिथं बॉक्सिंगचं एक्झिबिशन करायचं. गावचा चॅम्पियन गावात दाखवला तर पोरं भरतीला येतील. लढत होडेकर विरुद्ध जगताप, दोन-दोन मिनिटांचे तीन राऊंड.

दोन ट्रक आंबा घाटानं उतरले. पालीला दहा मिनिटं थांबलो. माझं घर तिथून दोन मैलांवर, पण उतरून जायची परवानगी नव्हती. टपरीवर चहा घेताना मी हसनभाईंना बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाहेबांना सांगू या. अजून वेळ आहे."

"माझ्या माणसांनी मला कधी लढताना बघितलेलं नाही," ते म्हणाले. "एकदा बघू देत. परत गेलो की ग्लोव्हज टांगतो."

"जगताप कच्चा खेळाडू नाही."

"म्हणूनच त्याला घेतलाय. खोटी लढत दाखवून काय करू?"

रिंग शाळेच्या मैदानावर लावायची होती. खाली सगळा कातळ. खांब गाडायला पहार मारली तर ठिणग्या उडाल्या. शेवटी चार पिंपांत जांभ्याचे चिरे भरले, त्यांत खांब उभे केले. खाली पेंढा, वर ताडपत्री. दुपारी तीनपासून माणसं जमायला लागली. बंदरावरची, बाजारातली, खेड्यांतून चालत आलेली. होडेकरांचा थोरला भाऊ कासम गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. तो सगळा मोहल्ला घेऊन पुढच्या रांगेत बसला होता.

चार वाजता घंटा झाली. रेफ्री सुभेदारसाहेब होते.

पहिल्या मिनिटात काही झालं नाही. मग जगतापचा उजवा हात सुटला आणि हसनभाईंच्या डाव्या कानशिलावर बसला. ते हलले नाहीत, पण हातही वर गेला नव्हता. थोड्या वेळानं तोच ठोसा पुन्हा आला, पुन्हा बसला. ठोसा येताना माणसाची पापणी तरी लवते. त्यांची लवली नाही. जगताप एक पाऊल मागं सरला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच क्षणी त्याला कळलं. मला कोपऱ्यातून ते स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या राऊंडमध्ये त्यानं उजवा हात वापरलाच नाही. हनुवटीपाशी धरून ठेवला आणि फक्त डाव्यानं खेळला. हसनभाईंचे ठोसे एकामागून एक बसायला लागले. मोहल्ला उठून उभा राहिला. लोक त्यांच्या नावाचा पुकारा करत होते.

घंटा झाली. ते स्टुलावर बसले. मी तोंडावर पाणी मारलं.

"त्याचा उजवा हात दुखावलाय का?"

"नाही."

"बघितलंस नीट?"

"बघितलं. हात बरा आहे."

त्यांची छाती वरखाली होत होती. समोरच्या गर्दीत त्यांचीच माणसं होती, खूश होती. मग ते म्हणाले, "आजवर मला कुणी जिंकू दिलं नव्हतं रे."

तिसरा राऊंड सुरू झाला. दोघं जवळ आले तेव्हा माझ्या कोपऱ्यापाशीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"जगताप, उजवा मार."

"नको, वस्ताद."

"हुकूम आहे."

"चार्ज लावा माझ्यावर. मारणार न्हाय."

हसनभाई दोन पावलं मागं आले. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले. सुभेदारसाहेब "बॉक्स" म्हणाले. हसनभाई हलले नाहीत. मग पुढं जाऊन त्यांनी जगतापचा उजवा हात मनगटाला धरला आणि जिंकलेल्याचा करतात तसा उंच केला. मैदानावर कुजबूज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "घाबरला."

ग्लोव्हज सोडत असताना कासमभाई आला. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"हसन, मार खाल्ला असतास तरी आम्ही मान वर करून घरी गेलो असतो. तू हात का सोडलेस?"

"दिसत नाही रे भाऊ," हसनभाई म्हणाले. "डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

कासमभाई तिथंच ताडपत्रीवर बसला. बराच वेळ त्यानं भावाचा हात हातात धरून ठेवला होता. बाकीच्या गावाला मात्र हे कुणी सांगितलं नाही. होडेकर अर्ध्यात लढत सोडून गेला, हेच पुढं कितीतरी वर्षं बाजारात बोललं जायचं.

छावणीत परतल्यावर होडेकर स्वतः डॉक्टरसाहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी डोळा तपासला.

"हे एका दिवसात झालेलं नाही. मेडिकल कसं पास केलंत?"

"तक्ता चोरून पाठ केला, सर."

मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं, तक्ता मीच दिला होता. माझी एक फीत उतरली. वाईट वाटलं नाही. आजही कुणी विचारलं की चॅम्पियननं केव्हा थांबावं, तर मला तो तक्ता आठवतो. हसनभाईंनी त्या दुपारी थांबायला हवं होतं आणि थांबवायला मी तिथं होतो.

होडेकरांची कॅटेगरी खाली गेली. त्यांना बॉक्सिंग टीमचं काम दिलं. वर्षभर त्यांनी जगतापला घडवला आणि पुढच्या सीझनला तो चॅम्पियन झाला. त्याच संध्याकाळी होडेकर सुभेदारसाहेबांकडे गेले. पलटणीच्या बोर्डावर त्यांच्या नावासमोर "अपराजित" लिहिलं होतं. ते खोडून रत्नागिरीची हार लिहावी, अशी त्यांची विनंती होती.

"एक्झिबिशनच्या लढती बोर्डावर चढत नाहीत," साहेब म्हणाले.

"पण मी हरलो, साहेब."

"नियम नाही, होडेकर."

नंतर पलटणीला पूर्वेकडच्या डोंगरात जायचा हुकूम आला. जगतापला बॉक्सिंग कॅम्पसाठी मागं राहता आलं असतं. त्यानं कंपनीबरोबर जायचं ठरवलं. होडेकर रिअर पार्टीत, छावणी सांभाळायला मागं राहिले. ट्रक सुटताना ते जगतापला एवढंच म्हणाले, "हनुवटी खाली ठेव."

तिसऱ्या महिन्यात, सकाळी दहा वीसला, नाल्यात उतरणाऱ्या आमच्या गस्तीच्या तुकडीवर दोन बाजूंनी फायर आलं. पुढचा जवान पडला. त्याला ओढून आणायला जगताप गेला. जवान आला. जगतापच्या छातीत गोळी लागली होती. मी पोचलो, जखमेवर शेल ड्रेसिंगची जाड पट्टी दाबली, वर दुसरी दाबली. तो शुद्धीवर होता.

वायरलेसवर आमच्या तुकडीकडून कंपनीला संदेश गेला. "अल्फा टू फॉर अल्फा. दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अल्फा. कोण? ओव्हर."

वायरलेसवर नाव घेत नाहीत. सेक्शन कमांडरनं दोघांचे आर्मी नंबर वाचले. वाचून होईपर्यंत जगताप गेला होता. वेळ दहा एकेचाळीस.

होडेकरांना मी पत्रानं कळवलं. उत्तर आलं नाही.

पेन्शनीवर आल्यावर मी त्यांना भेटायला आरे-वारेकडं गेलो. उजवा डोळाही आता अधू झाला होता. त्यांनी माझा आवाज ओळखला. पडवीत बसलो. भाभींनी चहा आणि सांदणं आणली. गावात नव्यानं बदलून आलेली दोन शिक्षक माणसं तिथं आली होती. त्यातल्या एकानं आदरानं विचारलं, "होडेकर, तुम्ही म्हणे एकदाही हरला नाहीत. आणि बरोबर वेळेवर थांबलात."

"कुणी सांगितलं?" हसनभाई म्हणाले. "वर्षभर उशिरा थांबलो. आणि हरलो. इथंच रत्नागिरीत, शाळेच्या मैदानावर, तिसऱ्या राऊंडला."

"कुणाकडून?"

हसनभाई खुर्चीतून उठले. वय झालं होतं, एका हातानं खांब धरावा लागला. परेडवर उभं राहतात तसे ताठ उभे राहिले आणि मग त्यांनी नाव सांगितलं.

"लान्स नाईक शंकर जगताप. मुक्काम खटाव."