गावाकडच्या मताची बस

आमच्यातले बरेच जण राहतात सुरतेत आणि मत मात्र गावाकडे ठेवतात. रेशनकार्ड इथलं, मुलांच्या शाळा इथल्या, पण मतदार यादीतलं नाव खानदेशातच. काढलं तर गावात आपलं काही उरणार नाही असं वाटतं. त्यामुळे विधानसभेचं मतदान आलं की उमेदवारांची माणसं बस पाठवतात. आदल्या संध्याकाळी इथल्या उधन्याहून निघायचं, सकाळी मत टाकायचं, परत यायचं. आमच्या गावची बस भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं.

मी कापड मार्केटात एका पेढीवर मेहताजी आहे. बिलं लिहितो, पत्रं लिहितो. पेढीवर पेपर येतो, तो वाचतो. एवढ्यावर गावची माणसं मला विचारायची, यंदा कोण कोणाबरोबर आहे, कोणावर भरवसा ठेवायचा. मी सांगायचो. चारचौघांत फारसं न बोलणारा माणूस मी, पण निवडणुकीच्या दिवसांत माझ्या शब्दाला वजन यायचं. ते मला आवडायचं. इथूनच सुरुवात करायला हवी.

मागच्या विधानसभेच्या वर्षी श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, दादाच्या खोलीत बसली होती. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. सुरतेतच नवागाममध्ये राहतो, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. कानबाईचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट करायचे. दादाच्या घरी घेतात त्यात एक मूठ माझी असते. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून काकांनी ती चालू ठेवली आणि काकांनंतर दादाने.

काका गेले ते गावी. तिरडी निघाली तर स्मशानाच्या वाटेवर तारेचं कुंपण. पलीकडच्या पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याने वाट आपल्या शेतात घेतली होती. आम्ही काकांना नाल्यातून, गुडघाभर चिखलातून नेलं. दादाने पुढचा खांदा दिला होता. त्यानंतर त्याला राजकारण म्हणजे तेवढंच कळायचं, ते कुंपण. आमच्या बाजूच्या साहेबांनी सभेत सांगितलं होतं, निवडून आलो की पहिलं कुंपण काढतो.

त्या रात्री कानबाईसमोर सगळे बसलेले असताना दादाने मला विचारलं की साहेब निवडून आल्यावर पलीकडे तर जाणार नाहीत ना. पेपरात युतीच्या उलटसुलट बातम्या येत होत्या. जायचं म्हणजे त्याला मिलमध्ये खाडा करावा लागणार होता, तोही दिवाळीच्या तोंडावर, मालाची घाई असताना. मतदानाची सुट्टी कागदावर असते, ठेकेदाराकडे नसते.

मी देवीकडे हात करून म्हणालो, "नाही जाणार. माझा शब्द."

मला माहीत होतं की जाणार. आठवडाभर आधीच बसची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांच्या माणसाने मला उधन्याला चहाला बोलावलं होतं. तो मला सर म्हणायचा. म्हणाला, साहेबांचं पलीकडे बोलणं चालू आहे, निकालानंतर बघू, तुम्ही घरचे म्हणून सांगितलं, लोकांत बोलू नका. मी बोललो नाही. घरचे म्हणाला, त्याचं मला बरं वाटलं होतं.

बस भरली. मला ड्रायव्हरशेजारची पुढची सीट होती. दादा मागे कुठेतरी बसला होता, सोबत वहिनीने दिलेल्या भाकरी. गावात मी बूथच्या बाहेर उभा राहून एकेकाला निशाणी सांगितली. मग आत गेलो आणि पलीकडच्या पक्षाचं बटण दाबलं. ज्याच्या माणसाने कुंपण घातलं, त्याचं.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. साहेब शेवटी तिकडेच जाणार, मग सरळ तिकडेच द्यावं, आपलं मत तरी वाया जायला नको. बिलं लिहिणाऱ्या माणसाचा हिशेब. त्या वेळी तो मला शहाणपणाचा वाटला होता.

दादा परत आला तर त्याच्या कापड रंगवायच्या जेट मशीनवर दुसरा माणूस उभा होता. ठेकेदाराने त्याला ओल्या मालाच्या ट्रॉल्या ओढायला लावलं. आजही तो तेच करतो. ओलं कापड किती जड असतं ते हात लावल्याशिवाय कळत नाही. त्याचा उजवा खांदा आता वर जात नाही, कानबाईची आरती तो डाव्या हाताने करतो. पुढे साहेब पलीकडे गेले. टीव्हीवर दोघांनी एकमेकांना हार घातले. दादाने टीव्ही बंद केला आणि मला एवढंच म्हणाला की जाऊ दे, तुला तरी काय माहीत असणार.

ते वाक्य माझ्याकडे तसंच पडून राहिलं. फार दुखलं असं म्हणता येणार नाही. मी जेवलो, पेढीवर गेलो, बिलं लिहिली.

यंदा पुन्हा विधानसभा आली. यंदाही कानबाई दादाच्याच खोलीत बसायची होती. आदल्या दिवशी शनिवारी दुपारी मी गेलो तर वहिनी सुपात गहू निवडत होती आणि शेजारची दोघं येऊन बसली होती. बोलणं तेच. साहेबांचा पक्ष मधल्या काळात फुटला होता, निशाणी एकीकडे, माणसं दुसरीकडे. साहेब आता तिसऱ्यांबरोबर होते आणि जुने सोबती समोर उभे. शेजाऱ्याने बोटांवर मोजत कोण कोणाकडे ते सांगायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला. वहिनी सुपातून मान वर न करता म्हणाली की नवरदेव बदलला तर वऱ्हाड उठून जातं, आपल्याला मात्र दरवेळी पंगतीला बसवतात. सगळे हसले. दादाही हसला.

शेजारी गेल्यावर दादाने दार लोटलं. त्याने ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं. ठेकेदार म्हणाला होता, यंदा खाडा केलास तर परत येऊच नकोस, ट्रॉली ओढायला पोरं रांगेत उभी आहेत. बसवाल्याचाही फोन येऊन गेला होता. साहेब म्हणे यंदा कुंपणाचं नक्की करणार.

"तू सांग," दादा म्हणाला. "तू म्हटलंस जा, तर जातो. तू पेपर वाचतोस."

मी भिंतीकडे बघत होतो. चौरंग धुऊन उभा करून ठेवला होता, त्यातून पाणी निथळत होतं. बिल वाचून दाखवावं तसं मी सांगितलं. चहा, उधना, साहेबांचा माणूस, आधीच माहीत असणं. देवीसमोर खोटं बोललो ते. वहिनीचा हात सुपावर थांबला.

दादाने असं काही विचारलं जे मी सांगणार नव्हतो. घरात तो अहिराणीतच बोलतो. मी सुरतेत आल्यापासून ती बोलत नाही.

"मंग तू कोणले दिधं?"

"पलीकडे," मी म्हणालो. "कुंपणवाल्यांना."

त्याने डाव्या हाताने उजवा खांदा चोळला. रागावला असता तर मला कळलं असतं काय करायचं. तो हसल्यासारखा झाला.

"तुन्हं मत बी तठेच गयं, मन्हं बी तठेच," तो म्हणाला. "तू बसमा पुढे बसेल व्हता, एवढंच."

वहिनीने गव्हाचा डबा ओढला आणि मुठी घ्यायला लागली. दादाची घेतली, मुलांच्या घेतल्या. मग थांबून दादाकडे बघितलं. माझं नाव न घेता विचारलं, भाऊजींची टाकू ना.

"टाक," दादा म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोट खाल्ला. गोडही लागला नाही, कडूही नाही. दादाने सगळ्यांसमोर सांगितलं की तो यंदा गावाला जाणार नाही, कामावर जाणार आहे. कोणी कारण विचारलं नाही. मला निशाणीबद्दलही कोणी विचारलं नाही. दादाने काही सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही.

मतदानाच्या बसमध्ये साहेबांच्या माणसाने पुढची सीट धरून ठेवली होती. म्हणाला, सर, तुमची माणसं कुठायत. मी म्हणालो, एकटाच आहे, आणि मागे जाऊन बसलो. गावात सकाळी मत टाकलं. कोणाला दिलं ते इथे लिहीत नाही, त्याला आता काही अर्थही नाही. मग स्मशानाच्या वाटेने कुंपणापर्यंत चालत गेलो. परत निघायला अवकाश होता आणि दुसरं काही करायचं नव्हतं.

सुरतेत उतरल्यावर घरी न जाता नवागामला गेलो. दादा नुकताच पाळीवरून आला होता. बनियनवर निळा रंग, पाय पाण्यात राहून पांढरे पडलेले. दर निवडणुकीला तो मला पहिला प्रश्न विचारायचा, कोण येणार. यंदा विचारला नाही. वहिनीने पाणी दिलं. दादाने पाय पुसले आणि मग म्हणाला,

"कुंपण शे का?"

"शे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि वहिनीला दोन ताटं घ्यायला सांगितलं.