एकशे चाळीस जास्तीचे मैल

“मी परत येते, कारण तू मला काही विचारत नाहीस,” आर्डिथ एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली होती. मी मान हलवली होती. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि मान हलवणं मला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

माझी बायको शाळेची बस चालवते. सव्वीस वर्षं तोच रस्ता. आमच्या खोऱ्यातून शाळेपर्यंत बासष्ट मैल, दोन खिंडी, अकरा-बारा पोरं. त्या बसमध्ये तिनं ओकाऱ्या पुसल्या आहेत, मारामाऱ्या सोडवल्या आहेत, एका पोरीचा हलणारा दात दोऱ्यानं ओढून काढला आहे. ती कुणावर ओरडल्याचं कुणाला आठवत नाही. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की ती पिकअपच्या मागे गादी टाकते, पाण्याचे दोन कॅन ठेवते, पीचचे डबे ठेवते, आणि नऊ दिवस एकटी निघून जाते. नेवाडातून युटा, कधी वर आयडाहोचा कोपरा. कुत्रंसुद्धा सोबत नेत नाही.

निघताना ती फ्रिजवर एक कागद लावते. कुठल्या रात्री कुठे मुक्काम, एवढंच. आमच्याकडे एकटं निघणारा प्रत्येकजण असा कागद ठेवून जातो. ठरल्या दिवशी माणूस परत आला नाही, तर शोधायला कुठे जायचं ते मागच्यांना कळावं म्हणून. सुखरूप असलेल्या माणसाचा कागद कुणी वाचत नाही. मी दिवसातून चार वेळा वाचायचो.

त्या दिवसांत मी न्याहारीला गावातल्या खाणावळीत जायचो. मालक बॉइड कॉफी ओतता ओतता विचारायचा, गेली का रे तुझी मालकीण? मग म्हणायचा, तुझं तोंड नऊ दिवस तिला बघावं लागणार नसेल तर तिच्या गाडीत पेट्रोल मी भरतो. सगळे हसायचे. मीही हसायचो. मग कुणीतरी अंड्यावर मिरपूड घालत पुटपुटायचं, बाईमाणसाला एवढं एकटं राहून करायचं तरी काय असतं. तो प्रश्न घेऊन मी घरी यायचो, गुरांना पाणी दाखवायचो, पुन्हा कागदासमोर उभा राहायचो.

ती परत यायची तेव्हा बरी दिसायची. हेच मला खुपायचं. एक हात उन्हानं रापलेला, खिडकीकडचा. डोळे धुतल्यासारखे. आठवडाभर ती माझ्याशी फार चांगली वागायची, आणि त्या चांगुलपणातला कुठलाच भाग मी कमावलेला नव्हता.

गेल्या वर्षी मी तिच्या गाडीचे मैल पाहून ठेवले. निघताना आणि आल्यावर. मग नकाशा पसरून कागदावरच्या मुक्कामांची बेरीज केली. गाडीनं एकशे चाळीस मैल जास्त कापले होते. दुसरी कुणी असती तर वाट चुकली असेल म्हणून सोडून दिलं असतं. आर्डिथ वाट चुकत नाही.

वर्षभर मी ते मैल पोसले. त्यांच्या शेवटी एक माणूस बसवला. विधुर, उंच, हळू बोलणारा. सुरुवातीला त्याचा चेहरा दाढी केलेला होता, मार्चपर्यंत त्याला मिशी आली. वासरांना डाग देतानाही मी त्याच्याशी बोलत असे. त्याला काय म्हणायचं हे मी शब्द न शब्द ठरवलं होतं. तिला मात्र काही विचारायचं नव्हतं. विचारलं की ती जाणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

या जूनमध्ये ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी माझ्या भावाची, डेलची, तिनं न पाहिलेली नवी पिकअप मागून घेतली. माझी बिघडली आहे म्हणालो. कागदाप्रमाणे बुधवारी रात्री ती युटाच्या हद्दीजवळ असणार होती. गुरुवारी सकाळी मी तिथल्या तिठ्यावर टोपी खाली ओढून थांबलो. नऊच्या सुमारास ती आली. जाता जाता तिनं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. या रस्त्यांवर माणूस दिसला की सगळे तेवढं करतात, ओळखीचा असो वा नसो. मीही बोट उचललं. तिच्या बोटात इतका मोकळेपणा होता की मला क्षणभर वाटलं, आपण परकेच बरे होतो.

पुढे ती डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागली. पाठलाग करायला अक्कल लागली नाही, तिचा धुरळा दहा मैलांवरून दिसत होता. तो खाली बसेपर्यंत थांबायचं आणि पुढे सरकायचं. वाटेत एका कुंपणाला तारेचं फाटक होतं, सताड उघडं. त्यातून गेलो. शेवटी एका टेकाडाखाली गाडी लावली आणि शिकारीची दुर्बीण घेऊन वर चढलो.

पलीकडे पांढरी, सपाट, मिठाची जमीन होती. कडेला सेजची झुडपं, आणि तिची गाडी. गाडीच्या मागच्या फळीवर पाय लोंबकळवत आर्डिथ बसली होती. तिनं पीचचा डबा उघडला, सुरीनं एकेक फोड खाल्ली, उरलेला पाक डबा तोंडाला लावून प्यायली. मग गायला लागली. शब्द ऐकू येत नव्हते, वारा उलटा होता, पण तोंड उघडं होतं आणि एका हातानं ती ताल धरत होती. घरी मी तिला कधी गाताना ऐकलेलं नाही. चर्चमध्येही ती नुसते ओठ हलवते.

मी दोन तास वाट पाहिली. कुणी आलं नाही. चाळीस मैलांत कुणी येण्यासारखं नव्हतंच. माणूस असता तर मी त्याला मारलं असतं, किंवा मार खाल्ला असता, आणि हिशेब मिटला असता. इथे मी कुणाला मारणार होतो?

परतताना ते फाटक लागलं. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आमच्याकडे हे पोरांना चालता येण्याआधी शिकवतात. पण आमच्या स्वतःच्या रानातली सगळी फाटकं कायम बंद असतात. चाळीस वर्षं मी गाडीतून उतरलो की फाटक लावतो. त्या दिवशी शरीर उतरलं आणि त्यानं फाटक लावलं. माझ्या उजव्या हाताला अंगठा नाही, एका बैलाच्या दोरात गेला. म्हणून मी तार खालून डावीकडे पिरगाळून अडकवतो. तशीच अडकवली.

ती ठरल्या दिवशी दुपारी परत आली. हात धुतले, टेबलाशी बसली. मी कॉफी दिली. तिनं घेतली नाही.

मग सावकाश सांगायला लागली. ती जाते त्या जागेच्या वाटेवर एक फाटक आहे. पलीकडे पाणी आहे म्हणून तिथला मालक उन्हाळाभर ते उघडं ठेवतो. शनिवारी ती निघाली तेव्हा ते बंद होतं. बाहेर तीसेक गाई उभ्या, हंबरून हंबरून घसा बसलेल्या, आणि एक वासरू आडवं. तिनं कॅनमधलं पाणी टोपीत ओतून त्याला पाजलं. ते जगलं नाही.

मी म्हणालो, कुणी शहरातला पोरगा गेला असेल, त्यांना कुठे कळतं. माझा आवाज मला बराच स्वाभाविक वाटला.

“तार खालून पिरगाळली होती, व्हर्न,” ती म्हणाली. “डावीकडे.”

ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. मला त्या वासराबद्दल काहीतरी म्हणता आलं असतं. त्याच्या मालकाला आज फोन करतो, एवढं म्हणालो असतो तरी कदाचित ती बसून राहिली असती. पण वर्षभर पोसलेला तो माणूसच अजून डोक्यात होता.

“तू तिथे एकटीच होतीस,” मी म्हणालो. आणि मला ऐकू आलं की ही तक्रार होती.

आर्डिथनं खुर्ची मागे सरकवली, खुंटीवरची मिठानं पांढरी पडलेली टोपी घेतली आणि दाराबाहेर, पुन्हा गाडीकडे गेली.